मुलांबरोबर कॉमिक्स वाचायला लागताना

मूल कॉमिक्स मागतंय आणि तुम्ही स्वतः कधी कॉमिक्स वाचलेली नाहीत, किंवा लहानपणी वाचली आणि मग सुटली ती सुटलीच, अशी तुमची परिस्थिती असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही पालक असाल, वर्गावर शिकवत असाल, नाहीतर मुलांच्या वाचनालयाची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली असेल. सुरुवात कुठून करायची, काय निवडायचं, सोबत बसून कसं वाचायचं आणि कधी बाजूला व्हायचं, हे इथे क्रमाने येईल.

मोठ्यांना कॉमिक्स सोपी वाटतात, कारण शब्द कमी असतात. मग फुगे भराभर वाचले जातात, चित्रांवरून नुसती नजर फिरते आणि पाच-दहा मिनिटांत पुस्तक मिटलं जातं. असं वाचलं तर कॉमिक्समध्ये खरोखरच फारसं काही सापडत नाही. गोष्टीचा मोठा भाग चित्रांत असतो आणि तोही वाचावा लागतो. पुढची बहुतेक प्रत्येक पायरी शेवटी या एकाच सवयीपाशी येते: चित्रापाशी थांबायचं.

आधी स्वतः एक पुस्तक वाचा

मुलासाठी शोधायला निघण्याआधी एक पुस्तक स्वतःसाठी घ्या. जमलं तर बिनशब्दांचं घ्या, म्हणजे फुगे वाचून पुढे पळता येणार नाही. शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं 'द अरायव्हल' (2006) त्यासाठी फार चांगलं आहे. घर सोडून परक्या देशात पोट भरायला गेलेल्या एका माणसाची ती गोष्ट. तिथल्या पाट्यांवर आणि कागदपत्रांवर जी लिपी दिसते ती टॅनने मनाने रचलेली आहे, त्यामुळे ती कुणालाच वाचता येत नाही. त्या माणसाला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. तो चेहऱ्यांवरून, हातवाऱ्यांवरून, वस्तूंच्या आकारांवरून अंदाज बांधत जातो आणि आपणही तेच करत जातो. हे पुस्तक दहा मिनिटांत संपलं, तर पानं उलटली गेली पण वाचायची राहिली असं समजा आणि पुन्हा पहिल्या पानावर या.

ग्राफिक नॉव्हेल म्हणजे सहसा एका पुस्तकात पुरी होणारी लांब गोष्ट, आणि कॉमिक्स म्हणजे अंकांमधून किंवा छोट्या भागांत येणारी. पण नवख्याने या भेदात अडकून पडायचं कारण नाही. महत्त्वाचं हे की चौकटींतून गोष्ट सांगणं ही एक रीत आहे. त्या रीतीने साहसकथा सांगता येते, आत्मचरित्र सांगता येतं, इतिहास आणि विज्ञानही सांगता येतं. "माझ्या मुलाला कॉमिक्स आवडत नाहीत" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कोणत्या विषयावरची? मारामारीची कॉमिक्स न आवडणाऱ्या मुलाला शाळेतल्या मैत्रीवरचं पुस्तक दिलं की ते खाली ठेववत नाही, असं पुष्कळदा होतं.

आणखी एक गोष्ट शिक्षकांना आवडेल. या रीतीचा आद्य कलाकार म्हणून ज्याचं नाव घेतात तो रोडॉल्फ टॉप्फर जीनिव्हातला शाळामास्तर होता. तो मुलांची वसतिशाळा चालवायचा आणि त्याच्या चित्रमालिका आधी त्याच्या विद्यार्थ्यांच्या हातांत फिरायच्या. त्या छापून आल्या त्या 1830 च्या दशकात.

पानाची ओळख करून घ्या

आता पानाकडे वळू. एक साधं पान डोळ्यांसमोर आणा, सहा चौकटींचं.

पहिली चौकट पानभर रुंद. स्वयंपाकघर. उंच फळीवर काचेची बरणी, खाली एक मुलगी मान वर करून उभी, शेजारी स्टूल. दुसरी चौकट लहान: स्टुलाच्या कडेवर चवड्यांवर ताणलेलं पाऊल. तिसरी तेवढीच: बरणीला जेमतेम टेकलेली तीन बोटं. चौथी चौकट पूर्ण काळी, तिच्यात पांढऱ्या वेड्यावाकड्या अक्षरांत एकच शब्द, 'खळ्ळ्!' पाचवीत दुसऱ्याच खोलीतली मांजर, कान टवकारलेले. सहावी पुन्हा रुंद: मुलगी हात पाठीमागे घेऊन उभी, दार अर्धवट उघडलेलं आणि दारातून तिच्या पायापर्यंत आलेली कुणाची तरी लांब सावली.

बरणी फुटली हे आपल्याला पक्कं कळलं. पण फुटताना ती कोणत्या चौकटीत दिसली? कुठेच नाही. फुटण्याची घटना चित्रकाराने काढलीच नाही. ती घडवली वाचणाऱ्याने, तिसऱ्या आणि पाचव्या चौकटीच्या दरम्यान. सावली आईची, बाबांची की आणखी कुणाची, हेही पान सांगत नाही. प्रत्येक मूल आपापल्या घरातलं माणूस तिथे उभं करतं. कॉमिक्स वाचताना डोकं चालत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीकडे नीट बघावं. स्कॉट मॅक्क्लाउड या अमेरिकन चित्रकाराने 1993 च्या आपल्या पुस्तकात या कोऱ्या जागेवर एक पुरं प्रकरण खर्च केलं आहे. हे पुस्तक कॉमिक्सबद्दलचं आणि स्वतःही कॉमिक्सच्याच रूपातलं आहे. एका चौकटीतून दुसरीत जाताना होणाऱ्या उड्यांचे सहा प्रकार तो सांगतो. आपल्या पानात त्यांतले दोन सहज दिसतात: पावलाकडून बोटांकडे जाताना एकच कृती पुढे सरकते आणि मांजरीकडे जाताना त्याच घटनेतला दुसरा जीव समोर येतो.

हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या खुणा पटपट कळतात. रुंद चौकटीत वेळ रेंगाळतो, लहान चौकटींची रांग आली की धावायला लागतो. फुग्याची कड काटेरी असेल तर पात्र ओरडतंय, तुटक रेषेची असेल तर कुजबुजतंय. ढगासारखा फुगा आणि पात्राकडे जाणारे लहान गोळे म्हणजे मनातला विचार. चौकोनी पट्टीतला मजकूर सहसा निवेदकाचा असतो. चौकटी डावीकडून उजवीकडे आणि मग खाली वाचायच्या. एका चौकटीत दोन-तीन फुगे असतील तर आधी वरचा डावा. चौकटीचं चित्र पानाच्या कडेपर्यंत पसरलेलं दिसलं, किनारच उरली नाही, तर चित्रकाराला तिथे काहीतरी मोठं, मोकळं किंवा हाताबाहेर गेलेलं दाखवायचं असतं.

खुणांचा चांगला चित्रकार किती उपयोग करून घेतो, याचं एक उदाहरण. सीसी बेल हिचं 'एल डेफो' (2014) हे तिच्या स्वतःच्या बालपणावरचं पुस्तक. लहानपणी आजारात तिची ऐकण्याची शक्ती गेली आणि ती श्रवणयंत्र वापरू लागली. यंत्राची बॅटरी संपत येते तसे समोरच्या पात्रांच्या फुग्यांतले शब्द फिकट होत जातात, आणि शेवटी फुगे रिकामे राहतात. तोंडं हलताना दिसतात पण शब्द नाहीत. ऐकू न येणं म्हणजे काय, हे नऊ वर्षांच्या मुलालाही एका नजरेत कळतं. नुसत्या गद्यात हे सांगायला कितीतरी परिच्छेद लागले असते आणि तरी ते इतक्या थेट पोचलं नसतं.

मुलाबरोबर वाचताना उपयोगी पडणारी एक कारागिरी: पान उलटण्याची जागा. चांगला चित्रकार उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न सोडतो आणि उत्तर पान उलटल्यावर देतो. तिथे हात थांबवा. "आता काय असेल?" असं विचारायची खरी जागा हीच.

पुस्तक निवडताना

निवडीत सर्वांत मोठी फसगत मुखपृष्ठाने होते. बोलणारे प्राणी दिसले की पुस्तक लहान मुलांचं, असं आपण धरून चालतो. आर्ट स्पीगेलमन याच्या 'माउस'मध्ये ज्यू लोक उंदरांच्या आणि नाझी मांजरांच्या रूपात काढलेले आहेत. पण ती छळछावण्यांतून वाचलेल्या त्याच्या वडिलांची कहाणी आहे. 1992 मध्ये तिला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. पुस्तक थोर आहे, पण ते सात वर्षांच्या मुलाच्या हातात देण्याचं नाही. उलटही होतं. साध्या शाळेचं चित्र असलेलं मुखपृष्ठ किरकोळ वाटतं आणि आत वंशभेदासारखा विषय फार समजुतीने हाताळलेला असतो. जेरी क्राफ्टचं 'न्यू किड' हे असंच पुस्तक. अमेरिकेत बालसाहित्यासाठी दिलं जाणारं न्यूबेरी पदक 2020 मध्ये त्याला मिळालं. हे पदक मिळवणारं ते पहिलं ग्राफिक नॉव्हेल.

म्हणून मुखपृष्ठ आणि पाठीमागचा मजकूर बाजूला ठेवा आणि तीन पानं नीट बघा: सुरुवातीचं एक, मधलं एक आणि शेवटाकडचं एक. सुरुवातीच्या पानावर बघायचं की चौकटींचा क्रम न अडखळता कळतो का. मधल्या पानावर पात्रं एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात का. लहान मुलांच्या पुस्तकात हा दोष फार नडतो, कारण सगळे चेहरे सारखे दिसले की मूल गोष्टीतून बाहेर पडतं आणि आपण त्याला "लक्ष नाही" म्हणतो. शेवटाकडच्या पानावर गोष्ट किती गडद होते ते दिसतं. मालिकांच्या बाबतीत शेवटचे भागही चाळावेत. पात्रं मोठी होत जातात तशा कित्येक मालिका पहिल्या भागाच्या वाचकाला न झेपणाऱ्या होतात.

वयाचा अंदाज साधारण असा. चार ते सहा वर्षांच्या मुलांना पानावर एक ते चार चौकटी, मोठी चित्रं, बिनशब्दांच्या किंवा एकेका वाक्याच्या गोष्टी. नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी मुद्दाम काढलेली कॉमिक्सही असतात. फ्रान्स्वाज मूली हिने 2008 मध्ये सुरू केलेली 'टून बुक्स' ही प्रकाशनसंस्था त्याच कामासाठी आहे. सात ते नऊमध्ये छोट्या, पुऱ्या होणाऱ्या गोष्टी, भरपूर गंमत आणि शोधाशोध. दहाच्या पुढे मुलांना आपल्यासारखी मुलं पुस्तकात हवी असतात: मैत्री तुटणं, नवी शाळा, शरीरातले बदल. तेरानंतर आत्मकथनं आणि इतिहास. मर्जान सात्रापी हिचं इराणमधल्या बालपणावरचं 'पर्सेपोलिस' या वयात वाचता येतं, पण त्यात कैद्यांच्या छळाची चित्रं आहेत, तेव्हा आधी तुम्ही वाचा.

आधी वाचा असं मी आग्रहाने सांगतो त्यामागे कारण आहे. गद्यात "त्याला मारलं" असं वाचताना मूल आपल्याला सोसेल एवढंच मनात रंगवतं. चित्रात ते किती रंगवायचं हे चित्रकाराने ठरवलेलं असतं, आणि पान उघडल्या क्षणी ते डोळ्यांत शिरलेलं असतं. वाक्य गाळता येतं, चित्र गाळता येत नाही. म्हणून एकाच प्रसंगाच्या गद्य आणि चित्र रूपांसाठी वय एकच धरू नये.

अक्षरांकडेही बघा. भाषांतरित पुस्तकांत फुग्याचं माप मूळ भाषेतल्या मजकुराचं असतं. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रा-उकारांसाठी जागा लागते. ती नसली की अक्षरं बारीक होतात, ओळी एकमेकींना चिकटतात आणि नवा वाचक दमतो. अशा वेळी पुस्तक मागे ठेवू नका; फुगे तुम्ही वाचा आणि चित्रं त्याला वाचू द्या.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, घेताना दोन गोष्टी. बहुतेक मांगा भाषांतरातही मूळ दिशेनेच छापतात, म्हणजे उजवीकडून डावीकडे. आपल्याला जे मलपृष्ठ वाटतं तिथून सुरुवात. मुलं हे दोन पानांत आत्मसात करतात, मोठ्यांना वेळ लागतो. दुसरं, मांगावर वाचकवर्ग सांगणारी नावं असतात. शोनेन आणि शोजो ही किशोरवयीन मुलगे आणि मुली डोळ्यांसमोर ठेवून काढलेली, सेइनेन प्रौढ पुरुषांसाठी. रेखाटनाची शैली गोंडस दिसली तरी सेइनेन मुलांच्या कपाटात ठेवू नये.

सोबत वाचताना

मोठ्याने वाचून दाखवायला कॉमिक्स अवघड आहेत असं बरेच जण म्हणतात. एखादी कादंबरी वाचावी तसं सलग वाचलं तर अवघड जातंच. पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवा, दोघांना सारखं दिसेल असं. जी चौकट चालू आहे तिच्यावर बोट ठेवा. पात्रं वाटून घ्या. मूल वाचू शकत नसेल तर आवाजांचे शब्द त्याच्याकडे द्या. 'धप्प', 'सर्रर्र', 'टप् टप्', 'फुस्स' म्हणायचं काम कुठलंही चार वर्षांचं मूल जीव ओतून करतं, आणि अक्षराचा आकार मोठा झाला की आवाज मोठा करायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. वाचनातली त्याची पहिली भूमिका म्हणून ही काही लहान नाही.

बिनशब्दांची चौकट आली की गप्प राहा. हे सर्वांत कठीण. आपली सवय अशी की शब्द नाही तिथे आपण शब्द घालतो: "बघ, आता तो रडतोय." तसं केलं की मुलाने चित्र वाचायची गरजच संपते. मनातल्या मनात सावकाश पाच अंक मोजा. बहुतेक वेळा तेवढ्यात मूल स्वतःच काहीतरी बोलतं, आणि तुम्हाला न दिसलेलं काहीतरी त्याला दिसलेलं असतं. एका कोपऱ्यात चित्रकाराने सोडलेलं झुरळ, मागच्या पानापासून सुटलेली बुटाची नाडी.

प्रश्न विचारायचे तर उत्तर चित्रात शोधावं लागेल असे विचारा. "यातून काय शिकलास?" या प्रश्नाने कॉमिक्सचा धडा होतो. "तिला राग आलाय हे तुला कशावरून कळलं?" असं विचारलं की मूल भुवया दाखवतं, वळलेली मूठ दाखवतं, चौकटीमागे अचानक आलेला लाल रंग दाखवतं. कशावरून, हा एक शब्द पुरतो. आणि प्रत्येक पानावर विचारू नका. एका बैठकीत दोनदा-तीनदा खूप झालं.

काही मुलं पानाच्या मांडणीतच हरवतात. फुगा कुठला आधी, नजर कुठे वळवायची, हे त्यांना सुचत नाही आणि मग ती वैतागतात. कॉमिक्स सगळ्यांना आपोआप सोपी जातात हा समज काढून टाका. अशा मुलांना सारख्या आकाराच्या, सरळ रांगांच्या चौकटी असलेलं पुस्तक द्या आणि सुरुवातीला कोऱ्या कागदाने खालच्या रांगा झाका. सवय झाली की कागद आपोआप बाजूला पडतो. तिरप्या, एकमेकींवर चढलेल्या चौकटींची पुस्तकं मग आणा.

मूल एकटं वाचू लागलं की

इथे बहुतेक घरांत तीन तक्रारी सुरू होतात. पहिली, "नुसती चित्रं बघतो." पहिल्या फेरीत पुष्कळ मुलं तसंच करतात: गोष्ट कुठे जाते ते चित्रांवरून बघून घेतात आणि मग फुगे वाचायला परत येतात. त्यांना परत यायला वेळ द्या. दुसरी, "तेच तेच पुस्तक वाचते." कॉमिक्स पुन्हा पुन्हा वाचण्यासाठीच असतात, पहिल्यांदा घटना कळते, दुसऱ्यांदा चेहरे, तिसऱ्यांदा मागचं सामान. मूल तेच पुस्तक पुन्हा उघडतं तेव्हा त्याला तिथे अजून काहीतरी मिळत असतं.

तिसरी तक्रार सर्वांत जुनी: "खरी पुस्तकं कधी वाचणार?" भाषा बिघडेल, शब्द वाढणार नाहीत, ही भीती तिच्या मुळाशी असते. 1988 मध्ये डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अहरेन्स या अभ्यासकांनी इंग्रजीपुरती मोजणी केली. नेहमीच्या दहा हजार शब्दांपलीकडचे, म्हणजे कमी आढळणारे शब्द, दर हजारी किती येतात? कॉमिक्समध्ये 53.5. मुलांच्या गद्य पुस्तकांत 30.9. मोठ्यांच्या पुस्तकांत 52.7. आणि पदवीधर माणसं मित्रांशी किंवा जोडीदाराशी बोलतात त्यात 17.3. हे आकडे एका भाषेचे आणि त्या काळच्या कॉमिक्सचे आहेत, ते जसेच्या तसे मराठीला लावता येणार नाहीत. पण चौकटीतल्या भाषेला हलकी समजण्याआधी ते डोळ्यांखालून घालावेत. चित्र शेजारी असल्यामुळे लेखकाला अवघड शब्द वापरायची मुभा मिळते. अर्थाचा आधार समोरच असतो.

कॉमिक्सकडे शिडीची पायरी म्हणून बघू नका, ही माझी कळकळीची विनंती. "हे संपव, मग जाड पुस्तक घेऊ" असं म्हटलं की मुलाला ऐकू येतं ते एवढंच: तुला आवडतं ते कमी दर्जाचं आहे. कपाटात दोन्ही एकत्र ठेवा. समुद्रावरचं ग्राफिक नॉव्हेल आणि समुद्रावरची गद्य पुस्तकं एकाच फळीवर असली की मूल स्वतःच इकडून तिकडे जातं आणि परतही येतं. वाचनालयात काम करत असाल तर मालिकेच्या प्रत्येक भागाच्या कण्यावर क्रमांक ठळक लावा, जमतील तेवढी पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी मांडा आणि लोकप्रिय मालिकांचा पहिला भाग दोन प्रतींत ठेवा; पहिलाच भाग बाहेर गेलेला असला की नव्या वाचकासाठी बाकीचे सगळे भाग निरुपयोगी होतात.

खटकणारं काही आलं तर

कॉमिक्सच्या भीतीने मोठी माणसं किती बिथरू शकतात याचा एक मोठा दाखला आहे. 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने अमेरिकेत पुस्तक लिहिलं की कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कडक आचारसंहिता लादून घेतली. मुलांच्या पलीकडचं काही सांगू पाहणारी कॉमिक्स तिथे बराच काळ आक्रसून गेली. पुढे वर्थमची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासिकेने ती तपासली आणि 2012 मध्ये दाखवून दिलं की त्याने मुलांच्या मुलाखती फिरवून, वाढवून आणि सोयीचं तेवढंच घेऊन मांडल्या होत्या. तेव्हा एका चौकटीवरून संपूर्ण पुस्तक, किंवा एका पुस्तकावरून सगळी कॉमिक्स बाद करू नका.

पण सगळं चालवून घ्या असंही मी म्हणणार नाही. जुन्या कॉमिक्समध्ये माणसांच्या वर्णाची, वंशाची, बायकांची जी चित्रं आहेत ती कित्येकदा उघडउघड अपमानकारक आहेत. हर्जे या बेल्जियन चित्रकाराची, टिनटिन या तरुण बातमीदाराच्या साहसांची मालिका घ्या. रेषेची स्वच्छता आणि गोष्टीचा वेग यांत तिला तोड नाही. पण तिच्यातली काँगोची साहसकथा, जी 1930-31 मध्ये क्रमशः आली, ती आफ्रिकी माणसांना बालबुद्धीचं दाखवते. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होती, आणि मूळ आवृत्तीत टिनटिन तिथल्या शाळेत मुलांना "तुमचा देश बेल्जियम" शिकवतो. 1946 च्या नव्या आवृत्तीत हर्जेने त्या जागी गणिताचा तास घातला. माणसांची चित्रं मात्र बरीचशी तशीच राहिली. असं पुस्तक लहान मुलाला एकट्याने वाचायला देऊ नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर ते बसून वाचता येतं आणि विचारता येतं: या चित्रात कोण बोलतंय, कोण नुसतं ऐकतंय, आणि ओठ असे का काढलेत? चित्र वाचायला शिकलेलं मूल या प्रश्नांची उत्तरं फार नेमकी देतं.

घाबरवणारं चित्र पाहून मूल बिचकलं तर पुस्तक झटकन बंद करून लपवू नका. लपवलेलं चित्र मनात मोठं होत राहतं. ते पान पुन्हा उघडून रेषेकडे नेता येतं: "हा काळा रंग किती वापरलाय बघ. डोळे काढलेच नाहीत, म्हणून भीती वाटते." कसं काढलंय हे दिसू लागलं की भीती पुष्कळदा उतरते. नाहीच उतरली तर पुस्तक काही महिने वरच्या फळीवर.

शेवटी, एक कॉमिक काढा

दोन-चार पुस्तकं वाचून झाली की मुलाला स्वतःचं काढू द्या. चौकटींमधली कोरी जागा काय करते, हे काढताना जितकं कळतं तितकं सांगून कळत नाही. सामान फक्त एक ए-फोर कागद, पेन्सिल आणि कात्री.

कागद तीनदा निम्मा-निम्मा दुमडा आणि उघडा. आठ सारखे आयत दिसतील. आता आखूड कडा एकमेकींना जुळतील असा एकदाच दुमडा. दुमडलेल्या बाजूकडून मधल्या आडव्या घडीवर कापत जा, पण पहिल्या उभ्या घडीपाशी थांबा. कागद उघडला की मधोमध एक चीर दिसेल. आता लांब कडा जुळवून दुमडा, दोन्ही टोकं हातांत धरून आत ढकला. चीर उघडून चौकोन होईल, मग मिटून चार बाजूंचा तारा होईल. तो एका बाजूला वळवून घड्या दाबल्या की आठ पानांची पुस्तिका तयार, डिंक नाही, टाचणी नाही.

पहिलं पान मुखपृष्ठ, शेवटचं मलपृष्ठ. मधली सहा पानं गोष्टीची. प्रत्येक पानावर एक किंवा दोनच चौकटी. गोष्ट सुचत नसेल तर एखादी हरवलेली वस्तू द्या: ती कुठे होती, कोण शोधतं, कुठे सापडते. फुगा काढायच्या आधी शब्द लिहायला सांगा. उलट केलं की शब्द फुग्यात मावत नाहीत आणि मूल हिरमुसतं. काड्यांची माणसं चालतात. हात कसा काढायचा हे शिकवायला बसू नका, तुम्हाला चांगली चित्रं येत असली तरी. त्याने विचारलं तरच दाखवा, आणि तेही वेगळ्या कागदावर.

पहिली पुस्तिका बहुधा प्रत्येक चौकटीत तोच माणूस तेवढ्याच अंतरावरून दाखवेल. दुसऱ्या पुस्तिकेला दोन अटी घाला: एक चौकट खूप जवळून काढायची, नुसता डोळा किंवा नुसती मूठ, आणि एका पानावर एकही शब्द नको. ती पुस्तिका घरातल्या तिसऱ्या माणसाला काही न सांगता वाचायला द्या आणि त्या बिनशब्दांच्या पानावर काय घडलं ते त्याला विचारा. उत्तर मुलाच्या मनातल्यापेक्षा वेगळं आलं, तर कोणती चौकट वाढवायची हे मुलाला ठरवू द्या.